दात सापडल्याशिवाय बाहेर नाही

माझ्या आईचं तोंड बंद करायची कोणाची छाती नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. भाजीवाला असो, शेजारीण असो, बँकेतला कारकून असो, तिच्या तावडीत सापडला की गेला. फक्त दुपारी जेवणानंतर घटकाभर आमच्या घराला शांतता मिळायची. तेव्हा आई मागच्या खोलीत दार लावून पडायची आणि तिचे दात डबीत असायचे.

आमचा धंदाच दातांचा. डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं पाठवायचे, बाबा त्यावरून प्लास्टरचे साचे करून कवळ्या घडवायचे, आणि मी त्या घासून चकचकीत करायची. पुढे कामाची खोली, मागे राहायची. गल्लीत बाबांना सगळे दातवाले काका म्हणत.

आईचे दात फार लवकर गेले. माझ्या वेळच्या बाळंतपणानंतर तिच्या हिरड्या सुजल्या आणि एकेक करून सगळे पडले. बाबांनी तिला अशी झकास कवळी करून दिली की सख्ख्या बहिणींनाही पत्ता लागला नाही. आणि तो लागू नये म्हणून आईने जिवाचं रान केलं. बोळकं तोंड तिने मला कधी दाखवलं नाही, बाबांनाही नाही. घरात एकटी डबी दिसली तर कोणीही विचारेल, कोणाची गं ही? म्हणून तिने ती कामाच्या खोलीतल्या फळीवर, गिऱ्हाइकांच्या डब्यांत ठेवायला सुरुवात केली. त्यांच्या डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या होत्या, हिच्या डबीवर काही नाही. मी म्हटलं, ‘अगं, निदान एखादी खूण तरी कर.’ तर म्हणे, ‘म्हणजे खूण बघून सगळ्यांना कळू दे, होय ना?’

बाबांची तऱ्हा उलटी. त्यांचे दात या वयातही पांढरेशुभ्र, एका ओळीत. गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं की ते ओठ मागे ओढून दाखवायचे. ‘हे बघा, जन्मजात आहेत. तुमचे असे दिसले नाहीत तर नाव बदलीन.’ समोरचा शिंपी म्हणायचा, ‘काका, तुम्ही हसलात की मला सुईत दोरा ओवायला दिवा लागत नाही.’ बाबा यावर आणखी हसायचे. सगळ्या गल्लीत मिरवायचा माणूस तो.

भूकंप झाला तो नेमका दुपारच्या त्या वेळी. तो काही फार मोठा नव्हता, पण शहराला लागूनच झाला, आणि जमिनीत खोलवर नाही, वरच्यावर. म्हणून आधी धाडकन आवाज झाला, ट्रक भिंतीवर आदळावा तसा, आणि मग पायाखालची फरशी थरथरायला लागली. फळ्या कोसळल्या, साचे फुटले, डब्या उघडल्या. बाबा आणि मी जिवाच्या आकांताने बाहेर पळालो. सगळी गल्ली रस्त्यावर जमली, कोणी रडतंय, कोणी पोरं मोजतंय. मी मागे वळून बघितलं तर आई नाही.

‘आई!’ मी ओरडले. उत्तर नाही. ‘अगं आई, ओ दे!’ तरी नाही. आई आणि गप्प? आम्ही धावत बाजूच्या बोळात गेलो. तिथे मागच्या खोलीची खिडकी होती. भिंतीला छतापासून खालपर्यंत तडा गेलेला. मी गजावर थापा मारल्या, तशी आतूनही थाप आली. मग गजांमधून एक हात बाहेर आला. नुसता हात, तळवा वर. काहीतरी मागणारा.

‘दात मागतेय,’ बाबा म्हणाले.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ‘दात? घर डोक्यावर पडायला आलंय आणि हिला दात हवेत? आई, आत्ताच्या आत्ता बाहेर ये, नाहीतर मी ओढून काढते!’ हात तसाच. बोटं मात्र हलली, लवकर लवकर.

मी पुढच्या दाराकडे वळले तर शिंप्याने दंड धरला. दाराच्या वरचा कठडा निखळून लोंबत होता. माझी आणि त्याची ओढाताण चाललेली, तेवढ्यात बाबा खाली वाकून आत शिरले देखील. या घरात कोणी कोणाचं ऐकलं तर शपथ!

आत जमिनीवर सगळ्या शहराच्या कवळ्या पडलेल्या, प्लास्टरच्या धुरळ्यात एकमेकींत मिसळून. बाबांचा चष्मा त्याच ढिगात कुठेतरी. तो असता तर आईची कवळी त्यांनी शंभरांतून ओळखली असती. आता हाताला लागतील तेवढ्या सदऱ्याच्या ओच्यात भरून ते बाहेर आले. बोळातल्या नळाखाली एकेक धुऊन आम्ही तिच्या हातावर ठेवत गेलो. हात आत जायचा आणि कवळी खिडकीतून परत यायची. एक तर तिने भिरकावलीच. दुसऱ्याचे दात तोंडात घालायची माझ्या आईवर वेळ आली होती आणि मला रडावं की हसावं कळेना.

तेवढ्यात पुन्हा हादरा. लहानसाच, पण कठड्याचा एक तुकडा दारासमोर येऊन पडला आणि भिंतीतला तडा एवढा रुंदावला की आतली खाट दिसली. मी अक्षरशः हात जोडले. ‘आई गं, पाया पडते तुझ्या. मला तू हवी आहेस, दात नकोत. ये ना गं!’ हात आत गेला. खिडकीचं एक दार लागलं.

बाबा माझ्याकडे बघत उभे होते. मग ते बोळाच्या मधोमध आले, खिडकीसमोर. गल्लीतली निम्मी माणसं आमच्या मागे जमलेली. बाबांनी दोन बोटं तोंडात घातली आणि वरचे दात काढले. मग खालचे. ते हातात उंच धरले. बाबांचा चेहरा एकदम आत बसला, अगदी वेगळा, थकलेला म्हातारा.

‘अगं, बघ इकडे!’ ते ओरडले. शब्द फुसफुसत निघत होते. ‘मला तरी कुठे आहेत? बघ, सगळ्यांसमोर उभाय मी!’

मी गारच पडले. रोज त्यांच्या शेजारी बसून काम करणारी मी, आणि मला माहीत नव्हतं. मागून कोणीतरी फिस्कन हसलं. शिंपी म्हणाला, ‘अरेच्चा! काकांचेही खोटेच!’ आणि सगळी गल्लीच खो खो हसायला लागली. भ्यालेली माणसं, हसायला निमित्तच हवं होतं त्यांना. बाबा मान खाली न घालता उभे होते, पण त्यांचे कान लाल झालेले मी बघितले.

खिडकी धाडकन उघडली. आईने एकदा बाबांकडे बघितलं, एकदा त्या हसणाऱ्या लोकांकडे. आणि ती दिसेनाशी झाली.

पुढच्या दारातून, लोंबत्या कठड्याखालून, ती अनवाणी धावत आली. केस प्लास्टरने पांढरे. लोकांना कोपराने ढोसत ती थेट बाबांपर्यंत पोचली आणि तिने आपले दोन्ही हात त्यांच्या तोंडावर धरले.

‘काय हसताय? लाज नाही वाटत?’ ती गल्लीवर ओरडली. बोळकं तोंड सताड उघडं, पहिल्यांदाच, सगळ्या जगासमोर. ‘उभा जन्म यांनी तुम्हाला घास चावायला लावला आणि त्यांनाच हसता!’

एकेकाची मान खाली गेली. मी तिला मिठी मारली आणि विचारलं, ‘तुला माहीत होतं?’

‘एका उशीवर झोपतो आम्ही. रात्री खटखटतात त्यांचे. लपवतायत, तर लपवू देत म्हटलं.’

मला हुंदका आवरेना. किती साधा, किती सुंदर होता माझ्या आईचा चेहरा, आणि तो मी आज बघत होते.

‘रडतेस काय नुसती?’ आई म्हणाली. तिचे हात अजून बाबांच्या तोंडावरच होते. ‘यांना जरा आडोशाला ने. लोक बघतायत.’