बापाचं सिमेंट

आमच्या टेकडीवरच्या मनोऱ्याचा उपयोग काय, याला उत्तर नाही. जुन्या जमीनदाराला हवेलीच्या खिडकीतून काहीतरी उंच दिसायला हवं होतं, एवढंच. म्हणून हवेलीकडची बाजू घडीव दगडाची, खोट्या खिडक्यांची, गावाकडची ओबडधोबड. तरी गावानं तो आपलाच मानला. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर, व्हिटसनच्या सणाला लोक गच्चीवर किटली नेऊन चहा करत.

मग दगडांचे पापुद्रे सुटून पडू लागले. गावच्या समितीनं जिन्याला कुलूप घातलं. पुढच्या व्हिटसनपर्यंत पडझड थांबली नाही, तर वरचा अर्धा मनोरा उतरवायचा, असं ठरलं.

विनी ट्रँटर गवंडी होती. मी तिच्या हाताखाली काम केलं. मनोऱ्याचे सांधे तिच्या बापानं सिमेंटनं भरले होते, घट्ट आणि सुबक. तेच नडलं. पाणी आत अडकायचं, थंडीत गोठायचं आणि मऊ दगड फोडायचं. सिमेंट काढून ओल बाहेर सोडणारा चुना भरायला हवा होता.

तिचा भाऊ क्लेम खालून म्हणाला, "विने, बापाचं काम उकरतेस? लाज नाही वाटत?"

"वाटते. म्हणून हळू उकरतेय."

"तो असता तर शिडी काढून घेतली असती."

"तो असता तर त्यालाच वर चढवला असता. सरक, डोक्यात पडेल."

छिन्नी बारीक, ठोका हलका. दगडाची कड उडाली की ती मला थांबवून ती कड बघायला लावायची. गावाकडची बाजू भरायला घेईपर्यंत ऑक्टोबर संपला. मी म्हटलं, थंडी सरेपर्यंत थांबूया. तिनं ऐकलं नाही. चुना ओल्या गोणपाटानं झाकला, पण त्याच आठवड्यात सगळं गोठलं. वसंतात बोट लावलं, तर सांध्यातून चुना पीठ होऊन गळला.

विनीनं खराब झालेलं सगळं खरवडलं आणि पुन्हा भरायला घेतलं. तिसऱ्या दिवशी क्लेम गोणपाटं घेऊन आला.

"कुठे टाकू?"

"आधी भिजव. कोरडं गोणपाट चुन्यातलं पाणी पितं."

"बापासारखीच खेकसतेस."

"मग त्याच्यासारखाच कामाला लाग."

व्हिटसनच्या आधी समितीच्या माणसानं हातोडीनं सगळीकडे ठोकून पाहिलं. काही पडलं नाही. कुलूप निघालं.

सणाला किटली क्लेमनंच वर नेली. विनी सगळ्यांत शेवटी आली. चहा हातात घेऊन ती गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकली आणि गावाकडच्या बाजूचे सांधे अंगठ्यानं दाबून बघत राहिली.