दोरीबाहेरचे लालासाहेब

मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धेत मुलं गुणी असतात, जीव मेटाकुटीला आणतात ते पालक. सांगलीतल्या स्पर्धांना मी पंच असते. पहिल्या फेरीआधी पालकांना गोळा करून मी तेच ते सांगते. मुलांशी बोलू नका, खाणाखुणा करू नका, टेबलांभोवती बांधलेल्या दोरीच्या आत येऊ नका. हात लावलेली सोंगटी खेळावीच लागते, त्यावर वाद नको. मुलाला काही हवं असेल तर त्यानं हात वर करावा, पंच येतील. निम्मे पालक तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घालून असतात. लालासाहेब मात्र सावधान उभे राहून ऐकायचे.

ते तासगावकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. नऊ वर्षांच्या नातीला, रेश्माला, घेऊन यायचे. पहिल्याच स्पर्धेत त्यांनी आरोळी ठोकली, "घोडा घाल की गं!" त्यांच्या गावी कुस्तीच्या फडात काठावरून डाव सांगणं हा मोठ्यांचा हक्कच असतो. मी त्यांना बाहेर काढलं आणि समोरच्या मुलाला वेळ वाढवून दिला. रेश्मा हरली.

तेव्हापासून या माणसानं नियमांची धास्तीच घेतली. हात पाठीमागे बांधून उभे राहायचे, खोकला आला तर रस्त्यावर जाऊन खोकायचे. मला हसू यायचं. एकदा म्हणाले, "मॅडम, बारडरवर कवा भ्यालो न्हाई. हितं लय भ्या वाटतं. माझ्या एका शब्दानं पोरीचा डाव जायचा."

यंदाच्या मे महिन्यात रेश्मा शेवटच्या फेरीपर्यंत पोचली. हा डाव जिंकला की ती राज्य स्पर्धेला जाणार होती. समोर वाईचा अनीश होता. स्पर्धा भरली होती त्या मंगल कार्यालयाचे पंखे नुसता गरम वारा ढकलत होते. मी दुसऱ्या टोकाला दोन मुलांचं भांडण सोडवत होते, पाठ रेश्माकडे होती.

वळले तेव्हा आधी लालासाहेब दिसले. दोरीबाहेर उभा तो उंच माणूस शाळेतल्या पोरासारखा हात वर करून थांबला होता. तोंड घट्ट मिटलेलं, चेहरा पांढराफटक. किती वेळ तसे उभे होते कोण जाणे. त्यांची नजर होती तिकडे मी पाहिलं. उकाड्यानं रेश्माचा घोळणा फुटला होता. नाकातून रक्त ओघळत होतं, ती ते बाहीनं पुसत होती आणि पटावरची नजर काढत नव्हती. फ्रॉकची बाही लाल झाली होती.

मी धावले. तेवढ्यात त्यांचा धीर सुटला. "रेश्मा, ऊठ बाळा. सोड त्यो डाव."

अनीशचे वडील लगेच म्हणाले, "हे बोलले. नियम सगळ्यांना सारखाच हवा."

"तुम्हीही बोललात," मी म्हटलं आणि घड्याळ थांबवलं.

रेश्मा उठेना. दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसली होती. मी तिचं डोकं पुढे झुकवून नाकपुड्या दाबून धरल्या. "हात का नाही वर केलास गं?"

"आबांनी सांगितलंय, काय बी झालं तरी तोंड उघडायचं न्हाई, जागा सोडायची न्हाई." मग आजोबांकडे पाहून घाईघाईनं म्हणाली, "आबा, मी कुणाला काय बी बोलले न्हाई."

लालासाहेबांनी मान खाली घातली. मी काही म्हणायच्या आत ते आपणहून बाहेर गेले.

रक्त थांबलं. अनीशनं स्वतःची पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली. डाव गेला नाही, तुझा वेळही गेला नाही, हे मी तिला दोनदा समजावलं. तिनं मान हलवली आणि अगदी हळू विचारलं, "मॅडम, रडलं तर चालतं का?"

चालतं, म्हटलं. घड्याळ बंदच ठेवलं. तिचं रडून झाल्यावरच चालू केलं आणि बाहेर आले.

लालासाहेब उन्हात उभे होते. "डाव गेला का, मॅडम?"

चालू आहे, मी सांगितलं. आणि तिनं काय विचारलं तेही सांगितलं. ते पायरीवर बसले. डावाचं त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.