उजव्या हाताची भाकरी

आमच्या शेजारच्या वनमालाची लेक गंधाली उजेडाला चव शिकवते, असं मी वर्सोव्यात सगळ्यांना सांगते. कुणी हसलं की माझं डोकं फिरतं. हसायला काय जातं?

केसाएवढी काचेची तार, तिच्यातून निळा उजेड जातो. तारेवरचा लेप कोळंबी-जवळ्यातलं प्रथिन तेवढं धरतो. धरलं की उजेड मंदावतो. एवढंच यंत्र, पण ते तिनं भावासाठी, आमच्या बाळासाठी मांडलंय. लहानपणी जवळा पोटात गेला आणि बाळाचा घसा सुजला. मरता मरता वाचला पोरगा. तेव्हापासून वनमालानं त्याच्यासाठी भाकरी थापली नाही. दिवसभर जवळा वाळवणारे हात, त्यांचा भरवसा काय? बाळा बाहेरचा पाव खातो आणि ही माउली तोंड फिरवून बसते. मला बघवत नाही हो.

परवा गंधाली यंत्र घेऊन आली, सोबत बाळाही. माझ्याकडे जवळा वाळत नाही, म्हणून सगळं माझ्याच घरी. भर दुपारी खिडकीला लुगडं लावलं. खोली निळी झाली, जणू आम्ही पाण्याखाली बसलो होतो. बाहेर खाडीत होड्या डुलत होत्या, त्यांचा आवाजही लांबून, झोपेतून आल्यासारखा. वनमालानं राखेनं, लिंबानं हात घासले, भाकरी थापली. गंधालीनं तुकडा पाण्यात भिजवून तारेपाशी धरला.

उजेड मंदावला.

पुन्हा हात धुतले, पुन्हा भाकरी. पुन्हा तेच. वनमाला भिंतीला टेकली. यंत्रच बिघडलंय, असं मी म्हटलं. गंधाली मात्र आईच्या डाव्या हाताकडे बघत होती. हिरव्या बांगड्या, आणि त्यांच्या फटींत जवळ्याची गुलाबी भुकटी.

आम्हा कोळणींचा उजवा हात मोकळा. लग्नात त्या हाताच्या बांगड्या दर्याला द्यायच्या, धन्याला सांभाळ म्हणून. डाव्या हाताच्या मात्र जिवापाड जपायच्या, काढायच्या नाहीत.

"आये, डावा हात पाठीमागे ठेव," गंधाली म्हणाली.

पीठ नवं, परात नवी. वनमालानं एका हातानं मळलं, एका हातानं थापलं. वाकडीतिकडी झाली भाकरी. तुकडा भिजला. आम्ही बघत राहिलो, बघत राहिलो. निळा उजेड जागचा हलला नाही.

वनमालानं त्याच हातानं घास पुढे केला. बाळानं सावकाश चावला. माझेच डोळे भरून आले, तिचं काय सांगू.

"आये," तो म्हणाला, "मीठ कमी पडलंय गं."