पायाळू जावेची मान

आमच्या समिधाला अख्खी सोसायटी ओळखते. मला ओळखतात ते समिधाची मोठी जाऊ म्हणून. उर्मिला हे माझं नाव फक्त लाइटच्या बिलावर उरलंय.

कारण काय, तर ती पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आले, एवढंच काय ते तिचं कर्तृत्व. पायाळू माणसानं पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. झालं. लग्न होऊन मीरा रोडला आली आणि लगेच दारात लोक. कुणाची कंबर, कुणाची पाठ. वरच्या मजल्यावरच्या हंसाकाकी तर लिफ्टमध्येच पाठ करून उभ्या राहतात, "समिधाबेन, जरा पग लगाडो ने."

समोरासमोर आमचे दोन फ्लॅट. ती माझ्या दिराची, शशिकांतची बायको. सासूबाई राहतात माझ्याकडे, जेवतात माझ्या हातचं, आणि कौतुक तिचं. जळते मी तिच्यावर. जळते म्हणजे जळते, त्यात लपवायचं काय?

मी ब्लाऊज शिवते. वाकून वाकून मान गेली. आधी नुसती दुखायची, मग उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, आणि एक दिवस सुईत दोरा जाईना. हात गेला तर मशीन बंद, आणि मशीन बंद पडलं तर मी खरंच नुसती मोठी जाऊ उरले असते.

सासूबाईंनी फर्मान सोडलं, "समिधा, हिला पाय लाव." हॉलमध्ये चटईवर मला पालथं झोपवलं. धाकट्या जावेचा पाय माझ्या मानेवर, आणि सगळं घर बघतंय. आणि वर, पाय काढून झाल्यावर तिनं मला वाकून नमस्कार केला, मोठ्यांना पाय लागला म्हणून. सगळे म्हणाले, किती संस्कारी पोरगी. माझी मान होती तशीच दुखत होती. पण तसं म्हणावं तर "तुझा विश्वासच नाही" असं ऐकावं लागलं असतं, म्हणून गपचूप "बरं वाटतंय" म्हटलं.

मग माझं चोरून सुरू झालं. मोबाइलवर व्हिडिओ बघून मान गरगर फिरवली, तर चक्कर येऊन पलंगावर पडले. सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर भले होते, मानेचा एक्स-रे काढून त्यांनी फिजिओथेरपी लिहून दिली, पण तिथं नंबर लागायला पुढचा महिना उजाडणार होता. घरी येऊन करणारेही असतात म्हणे, पण घरी आल्यावर चोरून काय राहणार? शेवटी एका गिऱ्हाइकानं सांगितलं, भाईंदरला जेनेल म्हणून फिजिओथेरपी करणारी मुलगी आहे, उत्तनजवळच्या चौक गावची, हात चांगला आहे तिचा. शेअर रिक्षा करून गेले.

जेनेलनं हात कुठपर्यंत बधिर होतो ते बघितलं, मशीन केवढं उंच आहे तेही विचारलं. मग मानेवर शेकाची पिशवी ठेवून मला पडद्याआड झोपवलं. पलीकडच्या पडद्यामागे ती दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होती.

"हा व्यायाम एकटीला नीट जमत नाहीये तुम्हाला. समोरून कपाळाला हात लावून धरणारं घरी कुणी नाही का?"

"माणसं खूप आहेत हो. पण सांगू कुणाला? मी पायाळू. माझीच मान धरलीय म्हटलं तर लोक हसतील." आवाज समिधाचा. पुढे म्हणाली, "सगळ्यांना मी पाय लावते. मला कोण लावणार?"

माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? इथंसुद्धा ही माझ्याआधी पोचली. दुखण्यातही हिचाच नंबर पहिला. पण ते शेवटचं वाक्य काही कानातून जाईना, आणि माझ्याच्यानं पडून राहवेना. पिशवी बाजूला टाकली आणि पडदा सारला.

मला बघून ती पांढरीफटक पडली. "ताई, आईंना सांगू नका हं."

"कपाळ इकडे कर," मी म्हटलं. "जेनेल, कसं धरायचं ते दाखव मला."

तेव्हापासून रोज दुपारी ती माझ्या खोलीत येते आणि आम्ही कडी लावतो. मी तिच्या कपाळाला तळवा लावते, ती डोकं रेटते, मी ढकलत नाही आणि सोडतही नाही. मग तेच ती माझ्यासाठी करते. जेनेलच्या सांगण्यावरून मी मशीनही उंच करून घेतलं. आता मुंग्या येत नाहीत, सुईत दोरा जातो. तिलाही मान वळवून बोलता येतं.

परवा कडी काढून बाहेर आलो, तर हॉलमध्ये हंसाकाकी. सासूबाई त्यांना सांगत होत्या, "समिधा रोज दरवाजा बंद करके उर्मिला को पाँव लगाती है. बिना दवाई के ठीक कर दिया."

काकींनी समिधाला हात जोडले. समिधाचा चेहरा कसनुसा झाला. खरं सांगायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मी तिचा हात दाबला.

"हां काकी," मी म्हटलं, "इसके पाँव में ही जादू है."

आणि आत जाऊन मशीनवर बसले. असा जळफळाट झाला म्हणून सांगू, बॉबिन उलटी घातली ते कळलंच नाही.