तुइस्कूचं अंथरूण

साइमीमावशी शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं होती. दर गुरुवारी वाटाण्याचं सूप. कधी ते खारट व्हायचं, तरी आम्ही पोरं निमूट वाटी रिकामी करायचो. रांधणाऱ्याला नावं ठेवायची नाहीत, हे आमच्या गावात चालता येण्याआधी शिकवतात. मावशी स्वतः तर त्याहून कडक. शेजाऱ्यानं आपल्या हातांनी काही करून दिलं, की कॉफी ठेवायची, वेलचीचा पाव कापायचा आणि आभार मानायचे. त्यातली खोट दिसली तरी ती पाहायची नाही.

नवरा आर्वी गेल्यावर तिच्याकडे तुइस्कू तेवढा राहिला. सव्वीस वर्षांचा, फिनलंडच्या देशी जातीचा घोडा, तांबूस अंगाचा, गवती रंगाच्या आयाळीचा. तरुणपणी त्यानं जंगलातून ओंडके ओढले आणि गावच्या शर्यतीत दोनदा गाडीला जुंपला गेला. दोन्ही वेळा शेवटून दुसरा.

"शेवटचा कधी आला नाही," मावशी अभिमानानं सांगायची.

त्याचं ठाण जुन्या गोठ्यात होतं. दर शरदात शेजारचा काउको ट्रॅक्टरनं पीटचा ढीग आणून टाकायचा. पीट म्हणजे दलदलीतली काळपट माती, वाळवून भुसभुशीत केलेली. ती मूत शोषते, वासही धरून ठेवते. मावशी ती गुडघाभर पसरायची. रोज लीद उचलायची, शनिवारी ओला भाग खणून काढायचा, वर नवी पीट टाकायची. अख्खं ठाण रिकामं व्हायचं ते मे महिन्यात, आणि ते सगळं बटाट्यांना जायचं.

गेल्या ऑगस्टात तिचा खुबा बदलला. डॉक्टरांनी फावडं धरू नको म्हणून बजावलं. त्याच वर्षी जवळची पीटची खाण बंद झाली आणि काउकोकडे जेमतेम जुना साठा उरला. मी तेव्हा इमारतींतल्या हवा-उष्णतेच्या यंत्रणांचं शिक्षण संपवून गावी परतले होते. डोक्यात आकडे खदखदत होते आणि ते कुठेतरी वापरून बघायचे होते.

मावशीच्या स्वयंपाकघरात मी वही उघडली.

"घोडा दिवसाला किती मुततो, मावशी?"

"मी काय वाटी घेऊन उभी राहते का गं त्याच्यामागं?"

"साधारण दहा लिटर. मी वाचलंय."

"मग मला कशाला विचारतेस, इंजिनियरबाई? त्याला विचार."

पेंढा स्वस्त, पण तुइस्कू तो खायचा आणि रोज पाट्याच्या पाट्या बाहेर काढायला लागायच्या. लाकडाचा भुगा हलका, पण त्याचे गठ्ठे ठेवायला जागा नव्हती. शेवटी मी ठरवलं, जमिनीवर जाड रबरी चटया आणि वर भुसा दाबून केलेल्या लाकडी गोळ्या. पोत्यात थोडं पाणी ओतलं की त्या फुगून मऊ होतात. पोतं लहान, दारातून ओढून आणता येतं. गोळ्या किती पाणी शोषतात, ते मी गुणून-भागून काढलं. पोत्यावर वीतभर थर द्यायला लिहिलं होतं. माझ्या हिशेबानं चार बोटं पुरत होती, कारण खाली चटई होतीच. आणि घोडा उभ्यानंच झोपतो, हे कोणाला माहीत नाही?

ऑक्टोबरच्या शेवटी मी नव्या नोकरीतून दोन दिवस सुट्टी घेतली. काउकोनं जुनी पीट उपसली, मी चटया कापून बसवल्या. संध्याकाळी ठाण एखाद्या दवाखान्यासारखं लख्ख दिसत होतं. मावशी दारात कुबडी टेकून उभी होती.

"दहा मिनिटांचं काम रोजचं. वाकायलासुद्धा नको," मी म्हणाले.

"फार छान केलंस, ईरिस," ती म्हणाली आणि कॉफी ठेवायला गेली.

हिवाळाभर मी आठवड्यातून एकदा डोकावायचे. विचारायचे, "काम हलकं झालं ना?" ती म्हणायची, "लीद उचलणं म्हणजे खेळ झालाय." ते खरंच होतं. मी विचारलं होतं तेवढ्याचंच ते उत्तर होतं.

जानेवारीत तुइस्कू पेंगताना पुढच्या गुडघ्यांवर कोसळायला लागला. खुरांच्या वरच्या सांध्यांवर खपल्या धरल्या. खाणं कमी झालं, डोळे आत गेले. काउको म्हणाला, "वय झालं." मीही तेच म्हणाले. मावशी त्याच्या खपल्यांना मलम लावत राहिली. फेब्रुवारीत तिनं जनावरांच्या डॉक्टर मिर्वाला बोलावलं आणि फोनवर सांगितलं, शेवटची सुई घेऊन ये.

त्या सकाळी मीही गेले. मावशीला एकटं सोडवेना. मिर्वानं तुइस्कूचे पाय हातात घेऊन पाहिले, मग चटईवर बुटाची टाच आपटली.

"हा शेवटचा आडवा कधी झाला होता?"

"अठ्ठावीस ऑक्टोबरला," मावशी म्हणाली.

"तारखेसकट?"

"दुसऱ्या दिवशी चटया आल्या. रोज सकाळी त्याच्या कुशीला पीट लागलेली असायची. त्यानंतर कूस कोरडीच."

मिर्वानं माझ्याकडे न बघता सांगितलं. घोडा उभ्यानं पेंगतो, पण गाढ झोपेसाठी त्याला दिवसातून थोडा वेळ तरी आडवं व्हावंच लागतं. म्हातारे सांधे कडक जमिनीवर उतरायला घाबरतात. मग ती राहिलेली झोप साचत जाते आणि तो उभ्या उभ्या कोसळतो.

"मग बोलली का नाहीस, साइमी?"

"पोरीनं सुट्टी घालवून केलं होतं," मावशी म्हणाली.

चार महिने मी त्या ठाणाच्या दारात उभी राहून आर्द्रता मोजत होते. कुशीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. घोड्याचं मूत मी लिटरात मोजलं, पण त्याला तिथं निजायचं असतं, हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं.

मिर्वानं सुई परत पिशवीत ठेवली. "आधी अंथरूण दे. मग बघू."

काउकोच्या अंगणातला पीटचा उरलेला ढीग बर्फाखाली दगड झाला होता. आम्ही पहारीनं ढेकळं फोडली, मावशीच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, रचली आणि चूल पेटवली. दोन दिवस सौनातून तपकिरी पाणी वाहत होतं. निथळलेली, कोमट पीट मी कोरड्या गोळ्यांत मिसळून ठाणात पसरली, गुडघाभर. मावशी बादली उलटी करून तिच्यावर बसली होती.

"कोपऱ्यात जास्त टाक. तो भिंतीला पाठ लावतो," ती म्हणाली. जरा थांबून पुन्हा, "अजून."

पहिल्या दिवशी तुइस्कूनं नुसतं हुंगलं, खुरानं उकरलं, गोल फिरला. दुसऱ्या सकाळी तो आडवा होता. पाय लांब सोडलेले, ओठ लोंबलेला, घोरत होता. झोपेत त्याचे खूर हलत होते. मावशीनं मला दंडाला धरून मागं ओढलं आणि आम्ही थंडीत बाहेर उभ्या राहिलो, तो उठेपर्यंत. दोन प्रयत्नांत उठला. मला वाटलं, झालं, वाचला.

पाचव्या दिवशी त्याला उठता आलं नाही. पुढचे पाय टेकायचा, मागचा भाग वर येईना. काउको ट्रॅक्टर घेऊन आला, छातीखालून पट्टे घालू म्हणाला. मिर्वानं त्याच्या मांडीवरून हात फिरवला. मांस उरलंच नव्हतं.

"चार महिने उठबस नाही. ओढून उभा करता येईल, पण पुन्हा आडवा होणार नाही हा," ती म्हणाली.

"नको," मावशी म्हणाली. "पुन्हा उभा नको करू त्याला."

मला माफी मागायची होती. मी तोंड उघडलं तसा तिनं हात वर केला.

"तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. रोज सकाळी कूस बघत होते, आणि तुला वाईट वाटेल म्हणून गप्प होते. चार महिने, ईरिस. जणू खारट सूपच निमूट पीत होते."

मग ती खाली बसायला लागली. नव्या खुब्याला इतकं खाली बसणं मनाई होतं.

"मावशी, नको ना."

"उठताना ओढा तुम्ही दोघी."

तिनं पीटमध्ये बैठक मारली, त्याचं डोकं जमेल तेवढं मांडीवर घेतलं आणि आयाळीतली ढेकळं एकेक काढत राहिली. मिर्वानं सुई भरली. मावशी त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. आम्हाला ऐकू आलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

तुइस्कू शांत झाल्यावरही बराच वेळ ती उठली नाही. मग तिनं दोन्ही हात पुढे केले, आणि मिर्वानं एक, मी एक धरला.