विकायच्या लॅपटॉपात एका बाईचं सगळं

मंडळी, अजून धक्क्यातच आहे.

बचत गटांच्या कामाला दिग्रस-पुसद एसटीने फिरते, म्हणून हलका, स्वस्त लॅपटॉप बघायला आज यवतमाळला गेले होते. दुकानदाराने एक जुना दाखवला. उघडला तर आत कुणा अनोळखी बाईचं आधार कार्ड, दवाखान्याचे रिपोर्ट, फोटो!

"हे पुसलं काहून नाही, भाऊ?"

"राहून गेलं, ताई."

तिच्या बायोडेटावर नंबर होता. तिथूनच फोन लावून सांगितलं. ती हादरलीच. "मले तं दुकानवाले सगळं पुसतो म्हणले होते!"

मग हळूच म्हणाली, "ताई, लेकीच्या बारशाचे फोटो आहेत का त्यात? माह्या मोबाइलमधले गेले."

होते. तिला पाठवले, मग दुकानदाराकडून सगळंच समोर बसून पुसून घेतलं. लॅपटॉप न घेताच परतले.

तुम्ही विकलेल्या लॅपटॉपात काय राहिलंय, माहीत आहे?