चूलबंद आवतन

माझी नात पुण्यात औषधांवर संशोधन करते. कसल्या, असं विचारलं की ऑलिगोन्यूक्लिओटाइड म्हणते. हा शब्द मी तिच्या वहीत बघून उतरवलाय. चुकला असेल तर तिला विचारा.

गेल्या दिवाळीनंतर ती अणदूरला आली ती तोंड पाडून. तुळजापुरात एका कार्यक्रमात तिला स्वतःच्या कामावर बोलायचं होतं, मराठीत, आणि समोर शेतकरी, दुकानदार, शाळेतली पोरं. पुण्यात मैत्रिणींसमोर सराव केला तर दोघी पेंगल्या.

"आजी, आपल्याच माणसांना कळलं नाही तर एवढं शिकून काय केलं मी?"

"मला सांग. मला कळलं म्हणजे म्हशीलाही कळंल."

तिनं सांगितलं ते असं. अंगात कुठं इजा झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी मदतीला धावतात. रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर त्यांना धरायला कड्या तयार होतात. कडी धरून पेशी थांबते आणि भिंतीतून बाहेर पडते. पण काही आजारांत, आतड्याच्या सुजेत वगैरे, त्या गरज नसताना झुंडीनं येतात आणि मदत राहते बाजूला, नासधूसच करतात. तिचं औषध पेशींना मारत नाही. ती एक बारीक साखळी असते. 'कड्या बनवा' असा जो निरोप निघतो, त्यालाच ती वाटेत चिकटते. निरोप वाया, कड्या कमी, गर्दी कमी. अजून तपासणं चालू आहे म्हणे.

मला हसू आवरेना.

"हसताय काय, आजी?"

मग मला पन्नास वर्षांपूर्वीचं जावळ सांगावं लागलं.

आमच्याकडं जेवणाचं आवतन दोन तऱ्हांचं. 'घरटी एक' म्हटलं की घरातून एकच माणूस येतो. 'चूलबंद' म्हटलं की त्या घरात चूल पेटत नाही, म्हाताऱ्यापासून रांगत्यापर्यंत सगळे येतात. माझ्या लग्नाला तीन महिने झाले होते. मी सातवी पास, म्हणजे घरातल्या बायकांत सगळ्यात शहाणी, त्यामुळं कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायची सवय नव्हती. पुतण्याच्या जावळाला सासूबाईंनी मला आणि धाकट्या नणंदेला आवतन द्यायला धाडलं. त्या 'घरटी एक' म्हणाल्या तेव्हा मी आरशात नथ सरळ करत होते.

वरली आळी मी झोकात संपवली. दारोदार 'चूलबंद बरं का', वर एक मुरका. माहेरी तसंच असायचं ना. खालच्या आळीकडं वळले तर मागं राहिलेल्या नणंदेनं पळत येऊन पारापाशी माझा पदर धरला.

"वैनी, काय सांगत सुटलाय? घरटी एक हाय."

खालच्या आळीला मग तिनंच नीट सांगितलं. पण वरली आळी आली ती पाव्हण्यांसकट. एका आजोबांना तर बाजेवर घालून आणलं. मेथीचे वाफे तुडवले, मांडवाचा खांब कलला. शेवटच्या पंगतीला रश्श्यात इतकं पाणी की वाढताना मला माझी नथ दिसत होती.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "चूलबंद कुणी सांगितलं?" नणंदेनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "म्या. वैनीला म्याच तसं सांगितलं."

बोलणी तिनं खाल्ली. पुढं ती मुरुमला नांदायला गेली, तिला नातवंडं झाली, तरी भावकीत चेष्टा तिचीच: हिला आवतनाला धाडू नका. सगळ्यांबरोबर मीही हसायचे. जरा जास्तच.

"आजी, हेच सांगते मी तिथं."

"सांग की. सुनेचं नाव मात्र घेऊ नको."

कार्यक्रमाला नणंद मुरुमहून आली, शेंगांच्या लाडवांचा डबा घेऊन माझ्या शेजारीच बसली. नात बोलायला लागली. कुणी पेंगलं नाही. पारापाशी पदर धरला तिथं सभागृह हसलं. एका शेतकऱ्यानं हात वर केला.

"वरली आळी तर आधीच निघाली होती. तिचं काय?"

नातीचा चेहरा असा उजळला, की तिच्या निकालाच्या दिवशीही मी तो तसा बघितला नव्हता.

"आलेल्यांना औषध माघारी धाडत नाही, काका. पुढचे कमी येतात."

"आन् समदेच अडवले तर?"

"तसं नको. जंतूंशी भांडायला घरटी एक लागतंच."

तेवढ्यात मागून आमच्याच भावकीतला एक म्हातारा ओरडला, "ते आवतन देणारी मुरुमची. आमाला ठावं हाय." लोक हसले. नणंदही हसली, सवयीनं. माझ्याच्यानं मात्र या खेपेला हसवेना.

मी उठले. गुडघा कटकन वाजला.

"ती मुरुमची न्हाय. ती मी."

नणंदेनं माझा पदर ओढला, पारापाशी ओढला होता तसाच. "वैनी, बसा खाली. पोरगी बोलतीय."

"वन्सं, त्या दिवशी तुमी उगं म्या म्हणालात."

"तुमी रडायच्या बेतात होतात. नथ बी वाकडी झाली होती." तिनं डबा उघडून माझ्या हातावर लाडू ठेवला. "मला वाटलं, हे तुमी वरच घेऊन जाताय."

नात व्यासपीठावर कपाळाला हात लावून हसत होती. पुढच्या महिन्यात आमच्याकडं पणतीचं बारसं होतं. बाहेर पडताना नणंदेला तिथंच आवतन दिलं.

"घरटी एक का?" तिनं विचारलं.

"तुमाला चूलबंद."

"नीट ऐकून सांगताय ना, वैनी?"